बेरड नावाची शिवी

मराठीत माणसाच्या कठोरपणाला शब्दांची वाण नाही. निष्ठुर आहे, निगरगट्ट आहे, कोडगा आहे, निर्ढावलेला आहे. वरवर पाहता सगळे एकाच घरचे, पण बोलणारा माणूस त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. निष्ठुराला दुसऱ्याच्या दुःखाने पाझर फुटत नाही. निगरगट्टाला लोकांनी नावे ठेवल्याचे काही वाटत नाही, त्यामुळे हा शब्द पुढाऱ्यांच्या वाट्याला जास्त येतो. कोडग्याला बोलणी लागत नाहीत. निर्ढावलेला तोच तो गुन्हा करून सरावलेला असतो. निबर तर भेंडीसुद्धा होते, आणि वेळेवर खुडली नाही यात तिचा काही दोष नसतो.

या रांगेत एक शब्द जरा बाजूला उभा राहतो, तो म्हणजे बेरड. ‘मार खाऊन खाऊन पोर बेरड झालंय’ असे म्हणतात. पराणी टोचली, आसूड ओढला तरी जागचा न हलणारा बैलही बेरड होतो. कितीही सांगा, कितीही हाणा, ज्याच्यावर परिणाम होत नाही तो बेरड आणि त्याचा तो बेरडपणा. हा कठोरपणा मार खाणाऱ्याचा आहे, हे त्याचे वेगळेपण. आसूड ओढणाऱ्याला मराठी फार तर निर्दय म्हणते. ज्याच्या पाठीवर तो पडला आणि तरीही जो रडला नाही, त्याला ती बेरड म्हणते.

बोलताना कुणाच्या मनातही येत नाही की हे एका समाजाचे नाव आहे. या समाजाची वस्ती बेळगाव, विजापूर, बागलकोट, यादगीर, रायचूर या पट्ट्यात आणि सीमेच्या अलीकडे कोल्हापूर, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत आहे. कन्नडात ‘बेड’ म्हणजे शिकारी आणि ‘बेडरु’ हे त्याचे अनेकवचन. मराठी जिभेवर र आणि ड यांनी जागा बदलल्या आणि बेडरचे बेरड झाले. माणसे स्वतःला नायक म्हणवतात, मराठी मुलखात नाईक.

एकाच समाजाकडे दोन शेजारी भाषांनी किती वेगळ्या नजरेने पाहावे! कन्नड आणि तमिळ मुलखात या शिकाऱ्याचा आदर्श आहे कण्णप्पा. श्रीकालहस्तीच्या शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त येताना पाहून त्याने स्वतःचा डोळा काढून तिथे बसवला आणि दुसराही काढायला निघाला, अशी कथा आहे. तो त्रेसष्ट नायनारांपैकी एक. १९५४ साली कन्नड चित्रपटसृष्टीत राजकुमार नायक म्हणून पहिल्यांदा दिसले ते ‘बेडर कण्णप्पा’ या चित्रपटात, याच शिकाऱ्याच्या भूमिकेत. कर्नाटकातला हा समाज वाल्मिकीलाही आपला पूर्वज मानतो. मराठीत तोच वाल्मिकी आधी वाल्या कोळी असतो आणि एकेका खुनामागे रांजणात एकेक खडा टाकत असतो. कन्नड माणसाला बेड म्हटले की जो भक्त आठवेल, त्याच्या जातीचे नाव मराठी माणूस भावनाशून्यतेसाठी वापरतो.

हे का झाले, याचे एक सोपे उत्तर दिले जाते. बेरड लुटारू होते, धाडी घालत, दयामाया त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून शब्द तसा झाला. या उत्तरात थोडे तथ्य आहे. दख्खनच्या डोंगराळ सरहद्दींवर राहणारे, हत्यार बाळगणारे आणि कुणा एका सत्तेचे कायमचे चाकर न झालेले लोक धाडी घालत असत. पण त्या काळी दख्खनेत धाड घालत नव्हते असे कोण होते? मराठे, मोगल, पेंढारी, संस्थानिक सगळेच मुलूखगिरीवर निघत. एकाच्या मोहिमेला स्वारी म्हणायचे आणि दुसऱ्याच्या मोहिमेला दरोडा, हे ज्याच्या हाती लेखणी त्याने ठरवले.

बेरडांच्या हाती लेखणी नसली तरी राज्ये होती. चित्रदुर्गाचे नायक याच समाजाचे. १७७९ मध्ये हैदर अलीने मदकरी नायकाकडून तो किल्ला घेतला. दुसरे मोठे घराणे सुरपूरचे. कृष्णा आणि भीमा यांच्या दुआबातले हे संस्थान आज यादगीर जिल्ह्यात आहे. त्याची जुनी गढी वागिनगेरा, मराठी इतिहासग्रंथांतला वाकिनखेडा. औरंगजेबाने आयुष्यात जातीने चालवलेला शेवटचा वेढा इथलाच. फेब्रुवारी १७०५ मध्ये शहाऐंशी वर्षांचा बादशहा एका बेरड नाईकाच्या गढीखाली येऊन बसला. पिडिया नाईकाने तोफा आणि बंदुका चालवल्या, जमेल तितकी बोलणीही लांबवली. दरम्यान धनाजी जाधव मराठी फौज घेऊन मदतीला आला. एप्रिलच्या अखेरीस मोगल आत शिरले तेव्हा घरे जळत होती आणि गढी रिकामी होती. पिडिया निसटला होता. त्यानंतर बादशहा कृष्णाकाठी देवापूरला आजारी पडला, तिथून कसाबसा अहमदनगरला पोचला आणि १७०७ मध्ये तिथेच वारला. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या कथांमध्ये संताजी, धनाजी, ताराबाई ठळक आहेत. पिडिया नाईकाचे नाव शाळेच्या पुस्तकातून पाठ झालेला मराठी वाचक शोधूनच काढावा लागेल.

राजवाड्यांबाहेरचा साधा बेरड काय करत असे? बहुतेक ठिकाणी तो गावची राखण करी. कर्नाटकी गावांत या कामाला तळवार म्हणत, आणि बेळगाव–धारवाडकडे तळवार हे आडनाव अजून सर्रास आढळते. पुणे–सातारा भागात हेच काम रामोशांकडे होते. महाराष्ट्रात बेरड आणि रामोशी या समाजांची नावे आजही जोडीने घेतली जातात. राखणदाराची जबाबदारी किती कडक असे, ते त्या काळच्या पद्धतीवरून दिसते. गावात चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला तर पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा. तो आपल्याच गावात हरवला, तर नुकसान भरून द्यायचे. मोबदल्यात बलुते, इनाम जमिनीचा तुकडा आणि गावचा मान. चोरांची बित्तंबातमी ठेवणारा माणूस स्वतः अर्धा चोर असणारच, हा गावाचा हिशेब होता आणि त्यावर व्यवस्था चालत होती. पुण्यातली घरेसुद्धा रामोशी पगारावर ठेवत. ठेवला नाही तर काय होईल, हे न सांगता दोघांनाही कळत असे.

कंपनी सरकारला हे अर्धे-अर्धे गणित पटण्यासारखे नव्हते. पोलिस त्यांचे, न्याय त्यांचा, महसूल त्यांचा. मग वतनावरच्या राखणदाराचे काम काय? पुरंदर परिसरातल्या रामोशांची वतने गेली आणि उमाजी नाईक उभा राहिला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिली. पुढच्याच वर्षी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉशने रामोशी जमातीवर एक पुस्तक छापले. आधी फाशी, मग वर्णन असा तो क्रम होता. वर्णन लिहिणारा अधिकारी पकडणाऱ्यांपैकीच असल्यामुळे, ज्यांच्याविषयी तो लिहीत होता ते पानोपानी गुन्हेगार म्हणूनच दिसतात.

सुरपूरची कहाणी याहून चटका लावणारी आहे. १८४१ मध्ये निजामाच्या मुलखातून फिलिप मेडोज टेलर तिथे पोलिटिकल एजंट म्हणून आला. हाच तो ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा टेलर. राजा व्यंकटप्पा नायक तेव्हा लहान होता आणि राणी ईश्वरम्मा कारभारात हात घालत होती. टेलरने बारा-एक वर्षे संस्थान सांभाळले, कर्ज फेडले, रस्ते-तळी केली. टेकडीवर बांधलेले त्याचे घर ‘टेलर मंझिल’ म्हणून अजून दाखवतात. राजा त्याला अप्पा म्हणे. १८५८ च्या फेब्रुवारीत हाच राजा इंग्रजांविरुद्ध उठला, हरला, हैदराबादला पळाला आणि पकडला गेला. टेलर तुरुंगात त्याला भेटायला गेला. कटात आणखी कोण होते ते सांगितलेस तर सुटका होईल, असे राजाला सुचवण्यात आले. त्याने एकही नाव सांगितले नाही. मरायचेच असेल तर तोफेच्या तोंडी द्या, चोरासारखे फासावर लटकवू नका, एवढेच त्याने अप्पाकडे मागितले.

शिक्षा पुढे सौम्य झाली. चार वर्षे कैदेत ठेवून राज्य परत द्यायचे ठरले. पण मद्रासकडे नेत असताना वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून राजा मेला. ती त्याने मुद्दाम झाडून घेतली की चुकून उडाली, याचा निकाल कधी लागला नाही. हा सगळा प्रसंग टेलरच्या १८७७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात आहे. बेरड म्हणजे ज्याला काही वाटत नाही, असे म्हणणाऱ्याने तो एकदा वाचावा.

हलगलीच्या बेडांना कुणी चरित्रकार भेटला नाही. हे गाव तेव्हा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात होते. १८५७ मध्ये सरकारने हत्यारबंदी लागू केली. घरातली बंदूक, तलवार, भाला सरकारजमा करायचा हुकूम निघाला. शेतकऱ्याला तो त्रासाचा वाटला असेल. शिकार आणि राखण यांवर जगणाऱ्या बेडांसाठी मात्र तो पोटावर पाय होता, शिवाय बेइज्जतीही. त्यांनी हत्यारे द्यायला नकार दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रजी घोडदळ आणि पायदळ हलगलीवर चालून आले, घरे पेटवली गेली, पुष्कळ माणसे मारली गेली. डिसेंबरमध्ये मुधोळात आणि हलगलीत मिळून एकोणीस जणांना फाशी दिली, तीही लोकांनी पाहावी म्हणून उघड्यावर. या लढ्यावरची कन्नड लावणी पुढे शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापली, म्हणून ती इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली. 

इथपर्यंत बेरड लढत होते आणि हरत होते. खरा घाव त्यानंतरचा आहे आणि तो कागदावर बसला. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सवयीने गुन्हे करतो असे सरकारला वाटले तर ती जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये सगळे नव्याने एकत्र बांधले गेले. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायचे, त्याने ठरल्या वेळी पोलिसाकडे हजेरी लावायची, गावाबाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा जन्मठेप काळे पाणी. निर्ढावलेपण आता कुणाच्या वागण्यावरून ठरत नव्हते. ते जन्माच्या दाखल्यात येऊन बसले होते.

मुंबई इलाख्यात या कायद्याखाली वसाहती उभ्या राहिल्या: विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर. सोलापुरात तारेच्या कुंपणातली ती वस्ती ‘सेटलमेंट’ नावाने ओळखली गेली आणि शहरात तो शब्द अजून टिकून आहे. आतली माणसे दिवसा कापडगिरणीत राबायची आणि हजेरीच्या वेळेला परत यायची. गिरण्यांना स्वस्त आणि पळून न जाणारे मजूर मिळाले, हा या सुधारणेचा सहसा न बोलला जाणारा फायदा. वसाहतींचा कारभार पाहणारे ओ. एच. बी. स्टार्ट हे आयसीएस अधिकारी त्यातल्या त्यात कळकळीचे होते. दलित आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अमृतलाल ठक्कर होते आणि तिचा अहवाल १९३० मध्ये आला. कळकळ होती हे मान्य केले तरी कुंपण मात्र तसेच राहिले.

गावात राहिलेल्या बेरडांची गत वेगळी नव्हती. पंचक्रोशीत कुठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेरडवाड्यात यायची. कबुली मिळेपर्यंत मारायचे, मिळाली नाही तर आणखी मारायचे. आता त्या मराठी वाक्याकडे परत पाहिले, तर मार खाऊन बेरड होणे यातले ‘मार’ आणि ‘बेरड’ शेजारी का आले असावेत, याचा वेगळा अंदाज बांधता येतो. लुटीच्या वेळी ते निर्दय दिसले म्हणून नाव पडले, ही एक शक्यता. चौकीत पाठ सोलली तरी तोंड उघडत नव्हते म्हणून पडले, ही दुसरी. या शब्दाचा रोजचा वापर दुसरीच्या बाजूने कौल देतो. शाळेत छडी खाणारे पोर आणि आसुडाखालचा बैल यांच्याच संदर्भात तो सहज येतो. सावकाराला किंवा खुन्याला कुणी बेरड म्हणाले तर कान जरा अडखळतो.

असा शब्द एकटाच नाही. भामटा हे एका समाजाचेही नाव आणि फसवणाऱ्याचेही. उचल्या, कोल्हाटी या नावांचेही शिवीत कमीअधिक रूपांतर झाले. मात्र अशा हिणवणाऱ्या शब्दांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले ‘उपरा’. त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला तोच पुरस्कार १९८८ मध्ये मिळाला. त्याच दशकात बेळगावजवळच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती यांनी आपल्या पुस्तकाचे नाव ठेवले ‘बेरड’. ज्या शब्दाने लोक हिणवत तोच मुखपृष्ठावर छापायचा, आणि ज्याला वाचायचे त्याने तो उच्चारूनच दुकानात मागायचा. साहित्यातल्या नामकरणाचा इतका धीट प्रकार मराठीत क्वचितच झाला असेल.

गस्तींनी लेखनापेक्षा काम जास्त केले. निरपराध बेरड तरुणांना उचलून नेण्याविरुद्ध ते उभे राहिले, मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या. ‘उत्थान’ या संस्थेमार्फत त्यांनी सीमाभागातल्या देवदासींची सोडवणूक, त्यांची लग्ने आणि मुलांचे शिक्षण हाती घेतले. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल त्यांच्या स्वतःच्या समाजातही होती आणि त्यावर बोलायला ते कचरले नाहीत. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘बेरड’ वाचताना जाणवते ती माणसांची हळवी बाजू: हजेरीला गेलेल्या बापाची वाट पाहणारे घर, पोलिसांच्या चाहुलीने दचकणारी वस्ती. आपल्याला काही वाटत नाही असे जगाने ठरवलेल्या लोकांना किती वाटत होते, त्याची ही नोंद आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आधी जाहीर केलेल्या जमातींना मुक्त केले, म्हणून त्या विमुक्त जाती. पण कायदा गेला तशी जागा रिकामी राहिली नाही. अनेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी कायदे केले आणि पोलिसांच्या वहीतली जुनी नावे नव्या रकान्यात सरकली. पुढे बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या दोन मराठी माणसांच्या अध्यक्षतेखाली भटक्या-विमुक्तांसाठी राष्ट्रीय आयोग बसले. दोघांनीही अहवाल दिले. या बाबतीत खरा बेरडपणा कुणाचा, असे विचारायचे तर त्या अहवालांवर बसलेल्या धुळीकडे बोट दाखवावे लागेल.

सीमेच्या दोन बाजूंना सरकारी दप्तरातही या समाजाला दोन नावे आणि दोन जागा आहेत. कर्नाटकात बेड, बेडर, नायक आणि वाल्मिकी ही नावे १९९१ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत नायकडांसोबत आली. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत मोडतात. त्यामुळे निपाणीतली मुलगी लग्न होऊन कागलला आली, की वीसेक किलोमीटरांच्या अंतरात माहेर अनुसूचित जमातीचे आणि सासर विमुक्त जातीचे, अशी स्थिती होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाविषयी निकाल दिला. काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत विमुक्त जातींच्या कैद्यांचा उल्लेख सवयीचे गुन्हेगार अशा अर्थाने उरलेला होता. जातीवरून कैद्याची कामे आणि बराक ठरवणाऱ्या अशा तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या आणि नियमावल्या दुरुस्त करायला सांगितले. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत, त्यांतले पहिले बेरड.